लायनीत लावलेला फोन

गोव्यातल्या नार्वे गावच्या एका घरात शनिवारची सकाळ नेहमीसारखीच चालली होती. पाववाला पोदेर हॉर्न वाजवत वळणावरून पुढे गेला होता. पावाचे गरम उंडे फडक्यात गुंडाळून मेजावर ठेवले होते. सुमंगला आदोळीवर बसून नारळ खवत होती आणि सुनेला सांगत होती, की आज सुट्टी आहे तर तो लॅपटॉप तरी झाकून ठेव, त्यालाही जीव आहे. ऋतिका हसली, पण लॅपटॉप काही झाकला नाही. नवरा परेश पहाटेच्या बसने वास्कोला गेला होता. बंदरावरच्या नोकरीला शनिवार-रविवार ठाऊक नसतो.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

दाराला घंटी आहे. ती सोडून थाप मारणारा माणूस वाड्यावर एकच. घंटी चौकटीच्या उजव्या अंगाला, आणि त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.

"पांडुरंग," सुमंगला बसल्या जागेवरून म्हणाली. "उघड गो."

पांडुरंग गवस दारात उभा होता. बासष्टीचा, उंच, इस्त्रीचा शर्ट, उजवा हात पोटाशी धरलेला. आत यायच्या आधीच त्याने विचारलं, "बाये, माका एकच विचारूचां आसा. तुझ्या त्या फोनातलां बटन दाबल्यार हिरवां येता. तां खरां काय खोटां?"

ऋतिकाला प्रश्न लगेच कळला, कारण ते बटण तिनेच केलं होतं. पणजीच्या एका कंपनीसाठी ती घरून वेबसाइटी बनवते. गेल्या वर्षी गावच्या सेवा मंडळाने बारा जणांची एक गाडी सुरू केली. डिचोलीला फिजिओकडे जाणाऱ्या आजारी, म्हाताऱ्या माणसांना ती रोज, रविवारीसुद्धा, नेते आणि परत आणते. जागा बारा आणि जाणारे वीस, म्हणून दुसऱ्या दिवसाची नोंद आदल्या दिवशी दुपारी चारला उघडते आणि पहिल्या बारांना जागा मिळते. त्या नोंदीचं पान ऋतिकाने गेल्याच महिन्यात दोन संध्याकाळी बसून करून दिलं होतं. फुकट, पण मन लावून. फोन नंबर टाकायचा, चार आकड्यांचा पिन टाकायचा, मग एकच मोठं बटण, 'नोंद करा'. झाली की हिरवी खूण, खाली 'नोंद झाली'. डोळे अधू असले तरी दिसावी म्हणून खूण तिने मुद्दाम रुपयाएवढी ठेवली होती.

"खरं. हिरवं आलं म्हणजे नोंद झाली, काका."

"झाली ना? मग माझां नाव खंय?" पांडुरंगने डाव्या हाताची चार बोटं वर केली. "चार खेपा. चारय खेपा हिरवां. चारय खेपा सकाळी गाडयेकडे गेलंय, तर प्रशांत म्हणता, काका, यादीत नाव नाय तुमचां, तुम्ही दाबलां नसतलां. मी काय खोटां बोलतंय?"

प्रशांत म्हणजे मंडळाचा चिटणीस. माणूस वाईट नव्हे. त्याच्या हातात छापील यादी असते आणि यादीत जे नाही ते त्याच्या जगात नाही.

"आधी बस रे कदेलीवर," सुमंगलाने नारळाची वाटी बाजूला ठेवत खुर्ची दाखवली. "उंडा देऊ? चहा घेशील ना?"

"चाय नको, वयनी. उद्या साईश येता. माका न्हेवक."

साईश त्याचा मुलगा. वास्कोला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतो. बापावर त्याचा जीव आहे, म्हणूनच गोष्ट अवघड होती. पांडुरंगला दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हा डॉक्टरांनी साईशला बजावलं होतं, की डोक्यावर परिणाम झाला तर तो हळूहळू दिसेल, लक्ष ठेवा. आता प्रशांतने फोन करून कळवलं होतं, की काकांना सारखे भास होतायत, नोंद केली नसताना केली म्हणतात, गाडीपाशी येऊन भांडतात. साईशने ठरवून टाकलं. बाबांनी आता एकटं राहायचं नाही, खोलीला कुलूप. बाप फोनवर ओरडून सांगत होता, की मी दाबलं, मी दाबलं. जितकं ओरडला तितका मुलाचा संशय पक्का होत गेला.

"थंय तिसऱ्या माळ्यार बसान मी काय करू? हंय माझी तांबडी भाजी आसा, नदी आसा. माझां डोक्यां ठीक आसा गो, बाये. तू तरी सांग."

ऋतिकाला आतून वाटत होतं, की काकांचंच कुठेतरी चुकतंय. पण तसं म्हणायची तिची छाती झाली नाही. तिने आपला फोन पुढे केला, पान चाचणीवर टाकलं. "करून दाखवा."

पांडुरंगने डाव्या अंगठ्याने नंबर टाकला, जीभ दाताखाली धरून पिन टाकला, बटण दाबलं. हिरवी खूण आली. ऋतिकाने लॅपटॉपवर यादी उघडली. नाव होतं. पांडुरंग गवस, व्यवस्थित.

पांडुरंग उठला. चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. "म्हणजे चुकता माझांच," तो म्हणाला आणि काठी शोधू लागला.

खरं तर ऋतिकाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तिच्या मनात एक कुसळ रुतलं. ज्याला फोन जमत नाही त्याच्या चुका रोज वेगळ्या असतात. कधी नंबर चुकेल, कधी भलतंच पान उघडेल, कधी खूण येणारच नाही. या माणसाचं मात्र चारही वेळा अगदी सारखं झालं होतं. इतकी शिस्तीची चूक माणसाची नसते.

"काका, थांबा जरा."

तिने सर्व्हरची नोंदवही उघडली. तिथे येणाऱ्या प्रत्येक विनंतीची एक ओळ असते. कोण आलं, काय मागितलं, काय उत्तर मिळालं. काकांची शेवटची खेप बुधवारची; त्या दिवशीच्या चार वाजताच्या ओळी. काही बिघडलं असतं तर ते तिथे ठळक दिसलं असतं. काहीच बिघडलं नव्हतं. फक्त चार वाजून तीन सेकंदांनी कुणाची तरी नोंद आली होती आणि सर्व्हरने तिला उत्तर दिलं होतं, इथे नाही, पिनच्या पानावर जा. पुढच्याच सेकंदाला पिनचं पान उघडलं होतं. सगळं सुरळीत. अशा ओळी तिने पूर्वीही बघितल्या होत्या आणि कुणीतरी पिन टाकत असेल म्हणून सोडून दिल्या होत्या. ओळीला नाव नव्हतं.

"पांडुरंग," सुमंगला म्हणाली. तिचे यजमान कृष्णनाथ खाणीवर वजनकाट्याशी कारकून होते. ते गेल्याला सहा वर्षं झाली, पण खाणीवरच्या माणसांशी बोलायची रीत तिला ठाऊक होती. त्यांना 'काय चुकलं' विचारायचं नाही, 'कसं करतोस' विचारायचं. "तू घरी कसं करतोस? सकाळी उठल्यापासून सांग."

"कसां म्हणजे? सगळ्यांसारखां. सकाळी सहाक फोन लायनीत लायतंय, चारक बटन दाबतंय."

"लायनीत?" ऋतिकाने मान वर केली.

"मग? बारा जागा आणि वीस माणसां. लायनीत नको लावक?"

आणि मग त्याने जे सांगितलं ते ऐकायला सुमंगलाने आदोळी भिंतीला उभी करून ठेवली.

पांडुरंग मूळचा दोडामार्गचा. अठराव्या वर्षी डिचोलीला आला तो ट्रकवर क्लीनर म्हणून. तीन वर्षांत स्टिअरिंग हातात आलं आणि पुढची सत्तावीस वर्षं खाणीवरून नदीच्या धक्क्यावर, धक्क्यावरून खाणीवर, लाल मातीत गेली. ते दिवस ज्यांनी बघितलेत त्यांना रस्त्याच्या कडेची ट्रकांची रांग आठवेल. भरणी सकाळी सातला सुरू व्हायची, पण पांडुरंग पहाटे चारलाच गाडी लायनीत लावायचा. हँडब्रेक ओढायचा, काचेवर लिंबू-मिरची सारखी करायची आणि खाली उतरून चहाला जायचं, टायरला टेकून झोपायचं, पत्ते कुटायचे. ड्रायव्हर तिथे नसला तरी चालतं. गाडी लायनीत आहे ना, मग नंबर तुमचा. तो कुणी हिसकावत नाही. लायनीतून गाडी काढली तर मात्र नंबर गेला.

खाणी बंद पडल्या, रांगा गेल्या, ट्रक विकला गेला. पण रांग म्हणजे काय, हे माणसाच्या अंगात राहिलं. गाडीची नोंद चारला उघडते म्हटल्यावर पांडुरंगने जे सत्तावीस वर्षं केलं तेच केलं. पहाटे उठून, शांतपणे, डाव्या अंगठ्याने, कुणाची घाई नसताना नंबर टाकायचा, पिन टाकायचा, पान उघडायचं. मग फोन जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, फळीवर उभा करून चार्जरला लावायचा. पडदा विझू नये अशी सोय त्याने साईशकडूनच करून घेतली होती. दिवसभर त्याला हात लावायचा नाही. भाजीला पाणी घालायचं, नदीवर जाऊन बसायचं, जेवायचं. चारला येऊन बटण.

"बाकीचे चारक येवन पिन टाकत बसतत. मी पयलोच उभो."

"आणि आज?" ऋतिकाने हळूच विचारलं. "फोन आणला नाहीत ना तुम्ही?"

"आणू कसो? लायनीत आसा मरे!"

सुमंगलाने तोंडाला पदर लावला. ऋतिका मात्र हसली नाही. "दोन तास," ती पुटपुटली. पिन टाकल्यावर दोन तास काहीच हालचाल झाली नाही, तर सर्व्हर माणसाला विसरतो. फोन कुठे हरवला, कुणाच्या हाती लागला तर, म्हणून ती सोय तिनेच केली होती. सहाला पिन टाकलेला फोन आठनंतर सर्व्हरच्या लेखी अनोळखी होता. पान मात्र जनेलात तसंच उभं, जसंच्या तसं.

"काका, फोनला हात लावू नका. मी पावणेचारला येते."

"मी पण येते," सुमंगला म्हणाली. घरात दुसऱ्या दिवशीच्या भाजीचा पत्ता नव्हता, पण हे बघायचं सोडून ती थांबणार नव्हती.

पांडुरंगची खोली नदीच्या बाजूला, देवळाच्या खालच्या अंगाला. बाहेर तांबड्या भाजीचे तीन वाफे, एका हाताने केलेले म्हणून जरा वाकडे. आत एक खाट, एक मेज, भिंतीवर ट्रकचा रंग उडालेला फोटो. जनेलात फोन उभा होता. पानावर 'चारपर्यंत थांबा' असं लिहिलेलं आणि खाली सेकंद उलटे मोजणारं घड्याळ चाललेलं. म्हणजे बघणाऱ्याला पान अगदी जिवंत वाटावं. ते घड्याळही ऋतिकाचंच. फोनातल्या फोनात चालणारं, सर्व्हरला एका शब्दानेही न विचारणारं.

ती उंबऱ्यावर लॅपटॉप घेऊन बसली. चार वाजले. बटण निळं झालं. पांडुरंगने अंगठा शर्टाला पुसला आणि दाबलं.

हिरवी खूण. 'नोंद झाली.'

ऋतिका यादीकडे बघत होती. एक नाव आलं, दुसरं आलं, मग दोन एकदम. पांडुरंग गवस नव्हतं. तिने पान ताजं केलं. नव्हतंच. चूक तिच्याच पानाची होती, आणि तरी, खोटं कशाला बोला, तिला भलताच आनंद झाला. कोडं सुटल्याचा.

"नाव नाही, काका."

"पण हिरवां आसा," तो घाईघाईने म्हणाला, पुन्हा कुणीतरी तेच म्हणणार या भीतीने. "बघ. हिरवां आसा."

"हो. हिरवं आहे. मी बघतेय. हिरवं आहे आणि नाव नाही."

पांडुरंगने आधी तिच्याकडे पाहिलं, मग सुमंगलाकडे. "वयनी, तुमी पण बघितलात?"

"दोन्ही डोळ्यांनी."

तो खाटेवर बसला आणि मोठ्याने हसला. महिनाभरात पहिल्यांदाच त्याने पाहिलेलं दुसऱ्या कुणीतरी पाहिलं होतं.

"आधी जागा घ्या," ऋतिका म्हणाली. तिने त्याला पुन्हा पिन टाकायला लावला, पुन्हा बटण. या वेळी यादीत नाव आलं. अकरावं. मग ती समजावून सांगू लागली. "तुम्ही बटण दाबता तेव्हा पान जागचं हलत नाही. ते आतल्या आत कुणाला तरी सर्व्हरकडे पाठवतं. तुम्हाला दिसत नाही, पण एक निरोप्या जातो. तो गेला. सर्व्हर म्हणाला, तुझी ओळख संपली, पिनच्या पानाकडे जा. निरोप्या मुकाट्याने तिकडे गेला. मला विचारलं नाही, तुम्हाला सांगितलं नाही. तिथे त्याला पिनचं पान मिळालं, तेच घेऊन तो परत आला. आणि मी त्याला एवढंच विचारत होते, सगळं ठीक? तो म्हणाला, ठीक. त्याला एक पान मागितल्याबरोबर मिळालं होतं. मी हिरवी खूण लावली."

पांडुरंगने ते ट्रकांच्या हिशोबात लावून पाहिलं. "म्हणजे भरलेली गाडी धक्क्यार गेली. गेटवालो म्हणालो, पास संपलो, हापिसात जा. ड्रायव्हर हापिसात गेलो, कागद घेतल्यान, तसोच परत इलो. माल गाडयेतच. आणि हंय मुकादमान गाडी परत इली बघून ट्रिप लावल्यान."

"अगदी तसंच."

"मग तुझो मुकादम बावळो! गाडी परत इली म्हणून कोण ट्रिप लावता? काट्याची चिठी बघूची!" आणि सुमंगलाकडे वळून, "कृष्णनाथभाऊंनी असो मुकादम एक दिवस ठेवलो नसतो."

"एक तास नसता ठेवला," सुमंगला म्हणाली.

"मुकादम मीच आहे, काका," ऋतिका म्हणाली.

तिला ते बोलायला जड गेलं. पण बोलल्यावर तिने तिथेच, उंबऱ्यावर बसून कामाला हात घातला. आतून गेलेल्या निरोप्याला सर्व्हरने यापुढे दुसरीकडे धाडायचं नाही; तोंडावर सांगायचं, ओळख संपली. पानाने ते ऐकून लाल व्हायचं, तिथल्या तिथे पिन मागायचा आणि पिन मिळाला की अडलेली नोंद आपणहून पुन्हा पाठवायची. आणि हिरवं करायचं ते 'ठीक' ऐकून नव्हे, तर यादीतलं नाव आणि जागेचा क्रमांक हातात आल्यावर. पाऊण तास लागला. तेवढ्यात सुमंगलाने एका वाफ्यातलं तण काढलं, भाजीला पाणी घातलं आणि पांडुरंगकडून दोन जुड्या हक्काने काढून घेतल्या.

मग ऋतिकाने सर्व्हरला मुद्दाम पांडुरंगची ओळख विसरायला लावली. "दाबा."

पान लाल झालं. पांडुरंगने फोन लांब धरून वाचलं, "आपले सत्र समाप्त झाले आहे." तो थांबला. "ह्यां काय? शाळेचां सत्र?"

"म्हणजे..." ऋतिका अडखळली.

"सदाशिवाक ह्यां कळाचां नाय. तो पण फोन लायनीत लायता. मीच शिकयलंय तेका. तेचां पण नाव येना, म्हणून रिक्षान जाता, आणि गाव म्हणता, आळशी झालो." सदाशिव म्हणजे त्याचा ट्रकांच्या दिवसांतला सोबती, पलीकडच्या वाड्यावरचा.

ऋतिकाने ओळ पुसली आणि त्याला विचारून विचारून नवी लिहिली. 'नोंद अजून झालेली नाही. पिन पुन्हा टाका.' त्याने दोनदा वाचून मान डोलावली.

ऊन नदीपलीकडच्या माडांवर गेलं होतं. निघायची वेळ झाली तरी ऋतिकाचा पाय निघेना. ती म्हणाली, मी प्रशांतला सांगून तुमची एक जागा कायमची राखून ठेवते. पांडुरंग म्हणाला, नको, लाइन सगळ्यांची. ती म्हणाली, मग मंडळाच्या फळ्यावर लिहून लावते, की चूक पानाची होती. तो म्हणाला, लाव नायतर नको लावू, फळो कोण वाचता? सुमंगलाने जुड्या पिशवीत घालताना विचारलं, "मग काय हवं तुला, ते तरी सांग."

पांडुरंगने जनेलातला फोन उचलला, डाव्या अंगठ्याने एक नाव काढलं आणि फोन ऋतिकाच्या हातात दिला.

"साईशाक फोन लाव," तो म्हणाला. "तुझ्या तोंडान सांग. बापाशीन बटन दाबलेल्यान."